नळीला तोंड नसतं

मी कोलकात्यातून बोलते आहे. मूळची सातारा जिल्ह्यातली. लग्नानंतर इथे आले, त्याला आता २२ वर्षं झाली. इथल्या एका शाळेत मी इतिहास शिकवते. आज मला तुमच्याशी दगडात कोरलेल्या तोंडांबद्दल बोलायचं आहे. जबडा वासलेली, डोळे वटारलेली, जीभ बाहेर काढलेली तोंडं. युरोपात मठांच्या आणि चर्चच्या भिंतींवर असतात ती, आणि आपल्याकडे देवळांत असतात तीही. ही तोंडं तिथे का आहेत, हे सांगता सांगता माझ्या हातून झालेली एक चूकही सांगणार आहे. ती चूक झाली नसती, तर मी या विषयाकडे इतकं लक्ष दिलंच नसतं.

सुरुवात करू कोलकात्यापासून. दरवर्षी मी आठवीच्या मुलांना शहर दाखवायला नेते. पहिला थांबा हायकोर्ट. ही इमारत १८७२ मध्ये पुरी झाली. वॉल्टर ग्रॅनव्हिल हे तिचे वास्तुविशारद, आणि नमुना म्हणून त्यांनी समोर ठेवली होती बेल्जियममधल्या ईपर गावची मध्ययुगीन कापडपेठ. टोकदार कमानी, मधोमध उंच मनोरा, लांबच लांब ओसरी. मुलं माना वर करून बघत असतात. एका वर्षी एका मुलीने विचारलं, "मिस, अशा इमारतींवर ते राक्षस का बसवतात?" तिने ते कुठल्याशा कार्टूनमध्ये पाहिले होते. दिवसा दगड, रात्री जिवंत, पाठीला पंख. मी तेव्हा पाठ असलेलं उत्तर दिलं, "वाईट शक्तींना पळवून लावायला." ती म्हणाली, "मग सगळ्यांची तोंडं उघडी का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन वाचायला बसले, आणि पहिल्याच पानावर कळलं की मुलीने बरोबर जागी बोट ठेवलं होतं. तोंड उघडं असणं हीच तर त्यातली मुख्य गोष्ट आहे.

त्या राक्षसांना गार्गॉयल म्हणतात. हा शब्द फ्रेंचमधल्या 'गार्गुई' वरून आला, आणि त्याचं नातं घशाशी आहे. गुळण्या करताना घशात जो आवाज होतो, त्याच आवाजातून जन्मलेला शब्द. कारण गार्गॉयल म्हणजे आधी पन्हाळ, मग राक्षस. छपरावरचं पावसाचं पाणी एका चरातून येतं, राक्षसाच्या पाठीवर खोदलेल्या खाचेतून पुढे सरकतं आणि तोंडातून बाहेर पडतं. तो भिंतीपासून चांगला लांब, मान ताणून बसवलेला असतो. कशासाठी? पाणी भिंतीवरून ओघळू नये म्हणून. त्या काळच्या भिंती चुन्यात बांधलेल्या. पाणी सतत ओघळत राहिलं की सांध्यांतला चुना धुपतो, दगड सुटे होतात आणि पायाशी चिखल होतो. सगळं पाणी एकाच जागी पडू नये म्हणून असे पाचपन्नास राक्षस ओळीने बसवायचे. प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं पाणी.

ज्याच्या तोंडातून पाणी जात नाही, तो खऱ्या अर्थाने गार्गॉयल नव्हे. पॅरिसच्या नोत्र दामवर गालावर हात टेकून शहराकडे बघत बसलेला जो प्रसिद्ध राक्षस आपण फोटोत पाहतो, तो मध्ययुगीनही नाही आणि पन्हाळही नाही. १९व्या शतकात व्हिओले-ल-द्युक यांनी त्या चर्चची डागडुजी केली, तेव्हा हे राक्षस शोभेसाठी बसवले. ते कोरडे बसून आहेत. आपण मात्र सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतो.

आता तुम्ही विचाराल, पाणी बाहेर टाकायचं तर साधी दगडी पन्हाळ का नाही? तिला तोंड कशाला? खरा प्रश्न हाच आहे.

कोरणाऱ्यांनी याचं उत्तर लिहून ठेवलेलं नाही. ते हातांनी बोलणारे लोक. बाकीच्यांनी मात्र पुष्कळ अर्थ लावले. कोणी म्हणतं, ही पापं आहेत, देवळाच्या बाहेर लटकवलेली. आत शिरलात तर सुटाल, बाहेर राहिलात तर हे आहेतच. कोणी म्हणतं, ही राखण आहे. भूताला भूतानेच भिववायचं. आपण नव्या बांधकामावर काळी बाहुली किंवा राक्षसाचा मुखवटा टांगतो, तसं. अक्षर न येणाऱ्या माणसासाठी हा दगडातला उपदेश होता, असंही एक मत आहे.

आणि असली चित्रं मुळीच नकोत, असं म्हणणारेही होते. गार्गॉयल सर्वत्र दिसू लागले १३व्या शतकात. त्याच्याही आधी, ११२५च्या सुमारास, क्लेर्वोचे मठाधिपती बर्नार यांनी दुसऱ्या एका मठाधिपतीला एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यांचा रोख मठाच्या ओसरीतल्या खांबांवर कोरलेल्या माकडांवर, सिंहांवर, अर्ध्या माणसा-अर्ध्या घोड्यांवर होता. त्यांच्या म्हणण्याचा भाव असा, की ही चित्रं बघण्यातच साधूंचा दिवस जाईल, मग ते पोथी कधी वाचणार? आणि या विद्रूपाची लाज वाटत नसेल, तर निदान खर्चाची तरी वाटू द्या. मला हे पत्र फार आवडतं. कारण त्यात एक कबुली दडलेली आहे, की या तोंडांकडे नजर जातेच. साधूचीसुद्धा जाते.

हा मुद्दा लक्षात ठेवा. नजर जाते.

स्कॉटलंडमध्ये पेझली नावाचा एक मठ आहे, १२व्या शतकात स्थापन झालेला. त्याचे जुने गार्गॉयल झिजून गेले, तेव्हा १९९०च्या दशकात बहुतेक सगळे नव्याने कोरले. त्यातला एक थेट 'एलियन' सिनेमातल्या परग्रहावरच्या प्राण्यासारखा दिसतो. लोक हसतात. पण मला वाटतं, त्या कारागिराने जुनीच पद्धत पाळली. त्या त्या काळातल्या माणसाला ज्याची धास्ती वाटते, त्याचं तोंड तिथे बसवायचं.

आणखी एक गोष्ट फ्रान्समधल्या रूआं शहराची. आख्यायिका अशी, की सेन नदीत एक ड्रॅगन होता, नाव गार्गुई. तो बोटी गिळायचा, पूर आणायचा. ७व्या शतकातले बिशप संत रोमँ यांनी त्याला वश करून गावात आणलं, आणि लोकांनी त्याला जाळलं. धड जळून गेलं. डोकं आणि मान जळेना, कारण स्वतःच्याच आगीने ती शेकून निघालेली. मग ते डोकं चर्चच्या भिंतीवर लावलं. तो पहिला गार्गॉयल.

ही गोष्ट वाचताना मला आपली एक गोष्ट आठवली. तिच्याकडे येतेच, पण त्याआधी हायकोर्टावरून पुढच्या थांब्यावर जाऊ.

दुसरा थांबा चौरंगीवरचं इंडियन म्युझियम. बंगालीत संग्रहालयाला 'जादूघर' म्हणतात, आणि मुलांना हा शब्द अगदी पटतो. ही इमारतही ग्रॅनव्हिल यांचीच, पण शैली सर्वस्वी वेगळी, भारदस्त खांबांची. १८७८ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. आत भरहुतचं दालन आहे. मध्य प्रदेशातल्या सतना जिल्ह्यात भरहुतला इसवी सनापूर्वी २ऱ्या शतकातला बौद्ध स्तूप होता. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३ मध्ये तिथे पोहोचले, तोवर आसपासच्या लोकांनी त्याचे बरेचसे दगड घरं बांधायला नेलेले होते. उरलेला कठडा आणि पूर्वेचं तोरण कोलकात्याला आणलं. त्या तोरणाच्या आडव्या तुळयांची टोकं पाहा. तिथे मकर आहेत. जबडा उघडलेला, शेपटीची गुंडाळी केलेली. म्हणजे नोत्र दामच्याही हजाराहून अधिक पावसाळे आधी आपल्याकडे पवित्र जागेच्या दारावर वासलेली तोंडं होती.

त्याच दालनात एक गोल शिल्पपट आहे. समुद्रात एक अजस्र मासा, त्याचा जबडा उघडा, आणि माणसांनी भरलेली नाव त्या जबड्याकडे ओढली जाते आहे. शेजारी ब्राह्मी लिपीत ओळ कोरली आहे, तिचा आशय असा, की वसुगुप्ताला तिमितिमिंगिलाच्या पोटातून महादेवाने सोडवलं. हा महादेव म्हणजे शंकर नव्हे, इथे तो शब्द बुद्धासाठी आला आहे, असं अभ्यासक मानतात. पण माझ्या डोळ्यांपुढे प्रत्येक वेळी आमच्या गावचं महादेवाचं देऊळ उभं राहतं.

मकर हा प्राणी तुम्ही सर्वांनी पाहिलेला आहे, नाव माहीत नसलं तरी. हत्तीची सोंड, मगरीचा जबडा, माशाचं अंग आणि मागे वेलबुट्टीसारखा पिसारा. गंगेचं वाहन तो, वरुणाचंही तोच. म्हणून देवळाच्या गाभाऱ्यातून अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं, तिथे मकराचं तोंड बसवतात. त्याला मकरप्रणाल म्हणतात. कुठे त्या जागी गाईचं तोंड असतं, ते गोमुख. जुन्या महाबळेश्वराला पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पडणारं पाणी तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ओंजळीत घेतलं असेल.

इथे युरोप आणि आपण यांत एक मोठा फरक आहे. गार्गॉयल ओकतो ते छपरावरचं पाणी, नको असलेलं. आपलं गोमुख देतं ते देवाच्या अंगावरून आलेलं पाणी, म्हणजे तीर्थ. तिकडचं तोंड भिवविणारं, इकडचं बहुधा मंगल. पण बांधणाऱ्यापुढची अडचण दोन्हीकडे एकच: पाणी भिंतीपासून लांब न्या, पायात मुरू देऊ नका. आणि दोन्हीकडे सुचलेला उपाय एकच: पाणी जिथून बाहेर पडतं, त्या जागेला तोंड द्या.

शिवाय आपण त्या जागेला एक नियमही दिला. महादेवाच्या देवळात पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. पन्हाळीपर्यंत जायचं, तिथून मागे फिरायचं, पन्हाळ ओलांडायची नाही. तिला सोमसूत्र म्हणतात. लहानपणी मी एकदा पळताना ती ओलांडली, तेव्हा आजीने धपाटा घातला होता. आज विचार करते, तेव्हा त्या नियमाचा एक परिणाम मला दिसतो. देवळात येणारा प्रत्येक माणूस त्या पन्हाळीपाशी थांबतो, तिच्याकडे बघतो आणि मग वळतो. रोज. शेकडो वर्षं.

आता ती आठवलेली गोष्ट. कीर्तिमुखाची. जुन्या देवळांच्या उंबऱ्यावर एक विक्राळ तोंड कोरलेलं असतं, नुसतंच तोंड, खाली धड नाही. पुराणात कथा अशी, की जालंधर दैत्याचा दूत म्हणून राहू शंकराकडे आला आणि पार्वतीची मागणी करू लागला. शंकराच्या क्रोधातून एक भुकेलेला राक्षस निघाला. राहू गयावया करत शरण आला, त्याला अभय मिळालं. मग राक्षस म्हणाला, मी खाऊ काय? शंकर म्हणाले, स्वतःलाच खा. त्याने पायांपासून सुरुवात केली आणि सगळं धड खाऊन टाकलं. तोंड तेवढं राहिलं. शंकर प्रसन्न झाले, त्याला कीर्तिमुख हे नाव दिलं आणि आपल्या दारात कायमची जागा दिली.

आता ही गोष्ट आणि रूआंची गोष्ट शेजारी ठेवा. तिथे धड जळालं, इथे खाल्लं गेलं. दोन्हीकडे तोंड उरलं. दोन्हीकडे ते तोंड पवित्र वास्तूवर लावलं गेलं. मला यात फार मोठं शहाणपण दिसतं. ज्याची भीती वाटते, ते समूळ नाहीसं होत नाही. पूर नाहीसा होत नाही, भूक नाहीशी होत नाही, पाऊस तर नाहीच नाही. मग काय करायचं? त्याला कामाला लावायचं. एक ठरलेली जागा द्यायची आणि त्या जागेवर लक्ष ठेवायचं.

मुंबईकरांनो, तुमच्या बोरीबंदरला मान वर करून बघा. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचा आराखडा, बांधकाम १८७८ ते १८८८, आणि कोरीव कामात जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात. भिंतींवर प्राण्यांची तोंडं बाहेर झुकलेली आहेत. युरोपातल्या मठाची रीत आणि आपल्या कारागिरांची छिन्नी एका भिंतीवर भेटली आहे. खालून रोज लाखो माणसं पळत असतात, मान वर करायला कोणालाच वेळ नसतो. मीही त्यांच्यातलीच होते.

आता माझी चूक.

आमच्या गावचं महादेवाचं देऊळ जुनं, काळ्या दगडाचं. उत्तरेच्या भिंतीतून एक दगडी गोमुख बाहेर आलेलं. त्याचं एक शिंग तुटलेलं, नाकपुडी झिजलेली. खाली छोटा दगडी चर, तो पुढे केळीच्या आळ्यात जायचा. काही वर्षांपूर्वी जीर्णोद्धार निघाला. फोन आला, मी आईच्या नावाने ११ हजार रुपये पाठवले. फोटो आले. गाभाऱ्यात चकचकीत फरशी, भिंतींना ऑइल पेंट, बाहेर ग्रॅनाइटची पाटी आणि तिच्यावर देणगीदारांत आईचं नाव. मी ते फोटो इथे कोलकात्यात सगळ्यांना कौतुकाने दाखवले. त्यातल्या एका फोटोत उत्तरेची भिंत होती. सपाट, गुळगुळीत, पिवळी. गोमुख नव्हतं. माझ्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. इतिहास शिकवणाऱ्या बाईच्या.

तुटकं दिसतं म्हणून गोमुख काढून टाकलं होतं. भोक बुजवलं, आणि शाळुंकेपासून फरशीखालून प्लॅस्टिकची नळी टाकून ती थेट गटाराला जोडली. स्वच्छ, सोयीचं, कुठे ओल नाही.

तीन पावसाळे गेले. श्रावणात मी गावी गेले, तेव्हा गाभाऱ्याला कुलूप होतं. उत्तरेच्या भिंतीला पोट आलं होतं, जोत्याचे दोन दगड बाहेर सरकले होते. झालं असं, की बेलाची पानं, अक्षता, दुधाची साय, सगळं त्या नळीत जाऊन बसलं. नळी तुंबली, सांधा सुटला आणि अभिषेकाचं पाणी फरशीखाली पायात मुरत राहिलं. वरून फरशी कोरडी, चकचकीत. कोणाला काही दिसलं नाही. सुदैवाने भिंत पडली नाही, कोणाला इजा झाली नाही.

गुरवतात्या आता ऐंशीच्या पुढचे आहेत. देवळाच्या पायरीवर बसले होते. मी म्हटलं, "तात्या, तुम्ही सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "सांगितलं की, तायडे. कोण ऐकतंय? आधी रोज सकाळी त्या गाईच्या तोंडात बोट घालून पानं काढायचो. पानी बारीक आलं की कळायचं, आत कायतरी आडकलंय. तोंड हुतं तवर तुंबलं की दिसायचं. नळीला कुठं तोंड आसतं?"

हायकोर्टासमोर त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या पायरीवर मिळालं. तोंडं उघडी का? पाणी जावं म्हणून. आणि ती तोंडं का? माणसाने बघावं म्हणून. नुसत्या भोकाकडे कोणी बघत नाही. राक्षसाच्या तोंडाकडे साधूचीसुद्धा नजर जाते. गाईच्या तोंडाला गुरव रोज हात लावतो. कोरणाऱ्याने पाप, राखण, गंगा, काय मनात आणून ते कोरलं असेल ते असो. त्या अर्थामुळे लोकांची नजर तिथे टिकली, आणि नजर टिकली म्हणून भिंत टिकली. आपण मात्र अर्थ एका बाजूला काढला आणि काम दुसऱ्या बाजूला. अर्थ जुनाट म्हणून उपटला, काम नळीवर सोपवलं.

मी नळीच्या विरोधात नाही. माझ्या घराला नळ्याच आहेत, आणि कोलकात्यातल्या पावसात त्यांच्याशिवाय गत्यंतर नाही. पण ज्या गोष्टी तुंबल्या की घात करतात, त्या दिसतील अशा ठेवायच्या, एवढं शहाणपण आपल्या आधीच्या लोकांना होतं.

ते गोमुख विहिरीपाशी सापडलं. बायका त्यावर कपडे आपटत होत्या. ते पुन्हा बसवायचं ठरलं, तेव्हा अडचण आली, की जुन्या भोकाच्या जागी आता ग्रॅनाइटची पाटी होती. पाटी काढायची तर देणगीदारांना विचारायला हवं. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "काढा की. महादेवाला माझं नाव ठाऊक नाही होय?" बाकीच्यांना विचारता विचारता दोन महिने गेले. एका घराने अजून होकार दिलेला नाही. तोवर पाटी बाजूला सरकवून गोमुख बसवलं आहे, चुन्यात, सिमेंटमध्ये नाही. जोत्याचं काम अजून बाकी आहे. हा पावसाळा काय करतो ते बघायचं.

जाता जाता एक मागणं. तुम्ही जिथे कुठे असाल, नागपूर, बेळगाव, इंदूर, बडोदा, पणजी, पावसाळ्याआधी एकदा आपल्या गावच्या देवळाला उलटी फेरी मारा. पाणी कुठून बाहेर पडतं ते शोधा. तिथे दगडी तोंड असेल, तर त्यात बोट घालून पानं काढा. तिथे नळी असेल, तर ती शेवटची कधी साफ केली, ते विचारा. आणि जीर्णोद्धाराची वर्गणी मागायला कोणी आलं, तर पैसे जरूर द्या, पण देण्याआधी एक प्रश्न विचारा. मी जो विचारला नाही तो.

पाणी कुठून जाणार?